चवीचे गाव

मराठी मध्यम वर्गाच्या स्वयंपाकघरात चहा हा घरचा माणूस आणि कॉफी ही अधूनमधून येणारी पाहुणी, अशी व्यवस्था निदान तीन-चार पिढ्या तरी चालत आली आहे. चहा केव्हाही, कोणालाही आणि कसाही चालतो. कॉफीला निमित्त लागते. तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव यावी म्हणून, परीक्षेसाठी रात्र जागवणाऱ्या मुलाला झोप येऊ नये म्हणून, एकादशीच्या दुपारी वडीलधाऱ्यांना जरा हुशारी वाटावी म्हणून, किंवा मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींना आपण चारचौघांहून थोडे वरचे आहोत हे न बोलता सुचवावे म्हणून कॉफी होत असे. आणि ती तरी कशी? निम्म्याहून अधिक दूध, सढळ हाताने घातलेली साखर, आणि वर किसलेले जायफळ. बाजारच्या पुडीत चिकोरी नावाच्या मुळीची पूड आधीच मिसळलेली असे, ती वेगळीच. या मिश्रणात कोणाची चव किती असा हिशेब कोणी मांडला असता, तर कॉफीच्या वाट्याला रंगापलीकडे फारसे काही उरले नसते. तथापि त्या कॉफीविरुद्ध आमची काडीचीही तक्रार नाही. जायफळाच्या त्या वासाबरोबर घरातील कितीतरी दिवस आठवतात, आणि आठवणींची चव हा एक निराळाच विषय आहे.

आश्चर्य वाटते ते एवढेच की, चवीच्या बाबतीत गावाची चौकशी करण्याची आम्हांला सवय नाही असे मुळीच नाही. हापूस आंबा पुढे आला की तो देवगडचा की रत्नागिरीचा, हे विचारल्यावाचून आम्ही सुरी हाती घेत नाही. वांगी कृष्णाकाठची, गूळ कोल्हापूरचा, संत्री नागपूरची, आंबेमोहोर मावळातला, हे सारे आम्हांला पाठ आहे, आणि त्यावरून जेवणाच्या पंगतीत वादही होतात. महाबळेश्वरचा जांभळाचा मध किंचित कडवट लागतो, तो मधमाशीचा दोष नसून जांभळीच्या मोहोराचा गुण आहे, हे सांगणारे लोक आमच्या ओळखीत आहेत. मात्र कॉफी कोठली, असे आमच्या घरात कधी कोणी विचारल्याचे स्मरत नाही. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्यांस ‘बुंद’ म्हणत. तो शब्द अरबी ‘बुन्न’ या शब्दाशी नाते सांगतो. म्हणजे नावाने तरी ती अरबस्तानातून आली हे आमच्या आजोबा-पणजोबांस ठाऊक असावे. पुढे ती दुकानातूनच येऊ लागली, आणि दुकान हेच तिचे गाव झाले.

अलीकडे मात्र तिला गाव मिळू लागले आहे. एर्ना क्नुट्सेन या बाईंनी १९७४ साली एका व्यापारी मासिकात, विशिष्ट प्रदेशाच्या विशिष्ट हवापाण्यात तयार झालेल्या आणि म्हणून निराळ्या चवीच्या कॉफीसाठी ‘स्पेशालिटी कॉफी’ असे नाव वापरले, आणि ते रूढ झाले. आता जाणते चाखणारे शंभरांपैकी गुण देतात. ऐंशी किंवा अधिक गुण मिळाले तरच हे बिरुद लावता येते. पुडक्यावर मळ्याचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाची जात, फळे कशी धुतली व कशी वाळवली, एवढेच नव्हे तर चव कशाकशासारखी लागेल, हेही छापलेले असते. हा शेवटचा मजकूर वाचून आम्हांला नेहमीच थोडे हसू येते. ज्या फळांची नावे तेथे दिलेली असतात त्यांतील निम्मी आम्ही पाहिलेलीही नाहीत. चिंच, आवळा, कोकम, काकवी, भाजलेले शेंगदाणे असे काही लिहिले असते तर आमची अधिक सोय झाली असती. तथापि थट्टा सोडली तर त्या पुडक्यांत एक गोष्ट खरी आहे, आणि ती आमच्या लक्षात नीट आली ती एका अशा ठिकाणी की जेथे कॉफीचे एकही झाड नाही.

ते ठिकाण हेमलकसा. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, आलापल्लीच्या पुढे साठएक किलोमीटर घनदाट रान ओलांडले की हे गाव लागते, आणि तेथून थोड्याच अंतरावर भामरागड, जेथे इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी येथे आयुष्य घातले, ही हकीगत महाराष्ट्राला माहीत आहे. ती येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. आम्ही गेलो होतो ते चैत्राच्या आरंभी, काही परिचितांकडे, आणि आमच्या पिशवीत नागपुरात घेतलेले अराकू खोऱ्यातील कॉफीचे पुडके होते. चूल, पातेले आणि गाळण्यास स्वच्छ फडके एवढीच सामग्री. दूध त्या दिवशी नव्हते, जायफळ तर नव्हतेच. म्हणून कॉफी निव्वळ पाण्यातली झाली. पहिला घोट सर्वांनी औषधासारखा घेतला. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला मात्र कोणीतरी म्हणाले की हिच्यात कडूपणाच्या मागे पिकलेल्या चिंचेसारखे काहीतरी आंबटगोड आहे. मग पुडके हातोहात फिरले, आणि आमच्या यजमानांच्या शाळकरी मुलाने नकाशा आणून जमिनीवर पसरला.

नकाशाने एक मौज दाखवली. हेमलकसा साडेएकोणिसाव्या अक्षांशाच्या जरा खाली. तेथून इंद्रावती ओलांडून आग्नेयेकडे बोट सरकवले की बस्तर लागतो. जगदलपूरजवळील दरभा येथे २०१७ च्या सुमारास कॉफीची लागवड सुरू झाली आहे. बोट आणखी पुढे नेले की ओरिसातील कोरापुट, तेथेही कॉफी. आणि त्याच्या दक्षिणेस पूर्वघाटाच्या माथ्यावर अराकू. हेमलकशापासून अराकू सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांच्या आत आहे. पुराणकारांच्या दृष्टीने हे सारे एकच दंडकारण्य. पाऊस तोच मोसमी, रानात साल-सागाची जातकुळी तीच, वस्तीही आदिवासींचीच. मग मुलाने जो प्रश्न विचारला तो अगदी योग्य होता: “तिकडे होते, तर आपल्याकडे का होत नाही?”

उत्तराचा मोठा भाग एका शब्दात येतो: उंची. अराकू समुद्रसपाटीपासून नऊशे-हजार मीटर आणि त्याहून वर आहे; हेमलकसा ही नदीकाठची सखल भूमी. दर शंभर मीटर वर चढले की हवा सुमारे अर्ध्या-पाऊण अंशाने थंड होते. ऐकावयास हे थोडे वाटते, पण हजार मीटरांचा हिशेब केला की सहा-सात अंशांचा फरक पडतो. अरेबिका जातीच्या कॉफीला पंधरा ते पंचवीस अंशांची हवा मानवते. भामरागडच्या वैशाखात पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो. तेथे ते झाड फळ धरण्याऐवजी जीव धरून राहण्याच्या खटपटीत असेल. रोबस्टा ही तिची दांडगी बहीण वीस ते तीस अंशांत वाढते, सखल भागातही टिकते आणि पीकही भरघोस देते. पण तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट आणि चवीत कडवेपणा अधिक. अरेबिका ही मूळ इथिओपियाच्या डोंगरपठारांची लेक, तिथल्या मोठ्या झाडांच्या सावलीत वाढलेली. तिला माहेरची हवा लागते.

थंडीचा चवीशी संबंध कसा, हे मात्र सांगितले पाहिजे. कारण नुसते ‘उंचावरची कॉफी चांगली’ हे वाक्य व्यापाऱ्यांनी घोटून घोटून गुळगुळीत केले आहे. कॉफीचे फळ बोराएवढे, पिकले की लाल, आणि त्याच्या पोटात सामान्यतः दोन बिया. आपल्याकडे मार्च-एप्रिलात वळवाच्या एखाद्या सरीने झाडे एकाएकी पांढरी होतात. मळेवाले लोक त्या सरीची वाट पाहत बसतात, आणि ती आली नाही तर पंपाने पाणी शिंपडून तिची नक्कल करतात. त्या फुलांना जाईसारखा वास येतो. फूल गळाल्यापासून फळ पिकेपर्यंत अरेबिकाला आठ-नऊ महिने लागतात, आणि रात्री जितक्या थंड तितका हा काळ लांबतो. फळ सावकाश पिकले की बीमध्ये साखर आणि तिच्या सोबतीची आम्ल द्रव्ये अधिक साठतात, बी घट्ट व जड होते. भाजताना हीच साखर आणि हीच द्रव्ये वासात व रंगात बदलतात. उन्हाच्या तापाने घाईने पिकलेल्या बीमध्ये हा साठाच कमी. मग भाजणाऱ्याने कितीही कौशल्य केले तरी नसलेले काढावयाचे कोठून? दडपून पिकवलेला आंबा आणि आढीत सावकाश पिकलेला आंबा यांतील अंतर ज्यांच्या जिभेला कळते त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

सावलीचेही असेच. हिंदुस्थानातील बहुतेक कॉफी सावलीत वाढते. वर पांगारा, फणस, उंबर, सिल्व्हर ओक, त्यांच्या अंगावर चढलेली मिरीची वेल, आणि खाली कॉफी. सावलीने ऊन गाळून येते, पाचोळ्याने जमीन ओली राहते, आणि पांढरा खोडकिडा नावाचा जो अरेबिकाचा मोठा वैरी आहे त्याला उघड्या उन्हातील खोडे आवडतात म्हणून सावली त्याच्याही आड येते. काही लोक सांगतात की शेजारच्या संत्र्याच्या किंवा मिरीच्या झाडाची चव मुळावाटे कॉफीत उतरते. कल्पना रमणीय आहे, पण तिच्यावर आमचा विश्वास बसत नाही. झाडावर असता कॉफीचे बी शेजाऱ्याचे काही घेत नाही; मात्र तोडून वाळवल्यावर, कोठारात पडले असता, ते आजूबाजूचे वास शोषून घेते. वेलदोड्याच्या पोत्याशेजारी ठेवलेल्या कॉफीला वेलदोड्याचा वास लागला तर त्याचे श्रेय मातीला देऊ नये. मातीच्या बाबतीतही आम्ही थोडे सावधपणाने बोलू इच्छितो. ज्वालामुखीची माती, तांबडी माती यांचे पुडक्यांवर मोठे स्तोत्र गाइलेले असते. पाण्याचा निचरा व्हावा आणि मुळांना अन्न मिळावे, एवढे काम माती निश्चित करते. पण मातीची चव सरळ पेल्यात येते असे म्हणण्यास थंडीइतका भक्कम पुरावा नाही.

मलबारची एक गोष्ट येथे आठवते. शिडांच्या जहाजांच्या काळी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोहोचण्यास कित्येक महिने लागत. लाकडी जहाजाच्या पोटात समुद्राच्या दमट हवेने ते हिरवे दाणे फुगत, पिवळे पडत आणि त्यांचा आंबटपणा जाऊन एक निराळीच सौम्य चव त्यांना येई. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, आगबोटी आल्या, प्रवास आखूड झाला, आणि कॉफी ताजी पोहोचू लागली. तेव्हा उत्तर युरोपातील गिऱ्हाइकांची तक्रार अशी की, आमची नेहमीची कॉफी कोठे गेली! मग व्यापाऱ्यांनी युक्ती केली. पावसाळ्यात मंगळूरच्या बाजूच्या उघड्या गोदामांत दाणे पसरून मोसमी वारा त्यांच्यातून खेळवायचा, आणि समुद्रप्रवासाने जे होई ते किनाऱ्यावरच करावयाचे. ‘मॉन्सून्ड मलबार’ या नावाने ती अजून विकली जाते. तिचे गाव कोणते म्हणावयाचे? जेथे झाड उभे होते ते, की जेथे वारा लागला ते?

आमच्या जुन्या वैद्यांना हा प्रश्न नवा वाटला नसता. जांगल, आनूप आणि साधारण असे देशाचे तीन प्रकार त्यांनी केले. आणि सुश्रुताच्या सूत्रस्थानात तर भूमीच्या भेदांवर एक स्वतंत्र अध्यायच आहे. रेचक औषधे पृथ्वी व जल यांचे गुण अधिक असलेल्या जमिनीतून घ्यावीत आणि वामक औषधे अग्नी, वायू व आकाश यांचे गुण अधिक असलेल्या जमिनीतून, असा त्याचा दंडक. त्याच्या पंचमहाभूतांच्या मांडणीला आज रसायनशास्त्राची साक्ष मागण्यात अर्थ नाही. परंतु एकच वनस्पती दोन ठिकाणी उगवली तर ती एक नव्हे, हे त्याने गृहीत धरले होते, आणि म्हणून ती गोळा करताना ठिकाण पाहून घ्या असे बजावले होते. ज्या लोकांच्या शास्त्रात एवढी जाण होती त्यांच्या पेठांत पुढे सर्व प्रांतांचा हिरडा एकाच पोत्यात भरला जाऊ लागला, ही आमच्या मते ज्ञानाची नव्हे तर व्यापाराची करणी आहे.

कारण ठिकाणाची चव असणे निराळे आणि ती कळणे निराळे. याचे उत्तम उदाहरण पनामा देशात घडले. बोकेते या डोंगराळ परगण्यात पीटरसन कुटुंबाचा ‘एस्मेराल्दा’ नावाचा मळा आहे. तेथे ‘गेशा’ जातीची काही झाडे होती. ही जात मूळ इथिओपियातली; तांबेरा रोगापुढे बरी टिकते म्हणून ती मध्य अमेरिकेत आणली गेली होती, पण पीक बेताचे, म्हणून तिला फारसे कोणी विचारीत नसे. वर्षानुवर्षे तिची फळे इतर फळांबरोबर एकाच ढिगात जात होती. पीटरसनांनी मळ्याच्या निरनिराळ्या भागांतील फळे निराळी ठेवून, निराळी वाळवून चाखून पाहिली, तेव्हा उंचावरच्या एका भागातून आलेल्या कॉफीला फुलांचा असा काही सुगंध आला की सर्वजण थक्क झाले. २००४ साली तेथील राष्ट्रीय स्पर्धेत ती पहिली आली आणि लिलावात तोवरचे सारे भाव मोडले. झाडे तीच, डोंगर तोच, थंडी तीच. नवे केले ते एवढेच की ढीग एकत्र केला नाही.

अराकूतही गेल्या काही दशकांत थोडेफार असेच झाले आहे. तेथील कॉफी बड्या मळेवाल्यांची नव्हे, एकेक-दोनदोन एकरांच्या आदिवासी वाड्यांची. तिची फळे गावोगावहून निवडून, नीट धुऊन, नावानिशी वेगळी विकली जाऊ लागल्यावर २०१७ साली पॅरिस शहरात त्या खोऱ्याच्या नावाचे दुकान उघडले. आणि २०१९ च्या मार्चमध्ये कूर्ग, वायनाड, चिकमगळूर व बाबाबुदनगिरी यांच्याबरोबर अराकूच्या कॉफीलाही भौगोलिक मानांकन मिळाले. बाबाबुदनगिरी म्हणजे जेथे सतराव्या शतकात बाबा बुदन या साधूने येमेनहून सात बिया लपवून आणून लावल्या अशी कथा आहे तो डोंगर. पेठेत ज्यांची फळे अनामिक जात होती त्यांच्या डोंगराचे नाव आता कागदावर आहे. महाराष्ट्राला असे एकच ठिकाण: अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा. सुमारे अकराशे मीटर उंचीच्या त्या पठारावर, मेळघाटातील कोरकूंच्या शेजारात, कॉफीची थोडी झाडे आहेत. चिखलदऱ्याचा मध आणि रबडी लोक आवर्जून आणतात. तेथील कॉफी कोणी आपल्यासाठी आणल्याचे आमच्या ऐकिवात फार क्वचित आले.

हेमलकशाच्या त्या ओट्यावर बोलणे येथवर आले तेव्हा मंडळींपैकी एका उत्साही गृहस्थांनी योजनाच मांडली. दरभ्याला होते, तेव्हा इंद्रावतीच्या अलीकडेही टेकड्या पाहून रोबस्टा लावावी. मालाला नाव मिळेल, माडियांच्या हाती पैसा येईल. हेतू चांगला होता आणि अराकूचे उदाहरण समोर होते, म्हणून आम्ही ती योजना थट्टेवारी नेणार नाही. तथापि उन्हाळ्याचा ताप दिवसेंदिवस वाढत असून जुने कॉफीचे प्रदेशच वरच्या डोंगरांकडे सरकावे लागेल की काय या काळजीत आहेत. अशा वेळी सखल, तापत्या रानात ते पीक नव्याने आणणे आम्हांला शहाणपणाचे वाटत नाही. दुसरे असे की, एका पिकावर सर्व भिस्त ठेवल्याने काय होते ते सिंहलद्वीपाने पाहिले आहे. १८६९ साली तेथे तांबेरा पडला आणि वीसएक वर्षांत त्या बेटावरची कॉफी जवळजवळ नाहीशी होऊन तिच्या जागी चहा आला. मळेवाल्यांनी पीक बदलले. राबणाऱ्यांचे काय झाले हे कोणी फारसे विचारले नाही. आणि तिसरे कारण आमच्या पायांशीच वाळत पडले होते.

चैत्राचे दिवस म्हणजे मोहाच्या फुलांचे दिवस. रात्रीच्या उत्तरार्धात ती मांसल, पिवळसर पांढरी फुले टपटप गळू लागतात आणि उजाडण्यापूर्वी बाया व मुले टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. कोणते झाड कोणाचे, हे गावात ठरलेले असते. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जागा साफ केलेली असते. गोळा केलेली फुले अंगणात पसरली की दोन-चार दिवसांत तांबूस होतात, आणि मग त्यांत वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते. शहरात आम्ही या फुलाला केवळ दारूच्या संबंधाने ओळखतो, आणि सरकारनेही दीर्घकाळ त्याच दृष्टीने पाहिले. २०२१ साली महाराष्ट्रात त्याच्या संकलनावरचे व व्यवहारावरचे निर्बंध शिथिल झाले. परंतु ते अन्न आहे. भाजून, उकडून, भाकरीत, लाडवांत, पावसाळ्याच्या ओढग्रस्तीत, ते पोटाला आधार देत आले आहे.

यजमानांच्या शेजारच्या अंगणात एक वृद्ध माडिया बाई फुले वाळवीत बसल्या होत्या. त्यांची भाषा आम्हांला येत नव्हती. शाळेत शिकवणाऱ्या एका तरुणाने दुभाष्याचे काम केले. अंगणात मोठा पसारा एक, आणि सुपात लहानसा ढीग निराळा. हा निराळा का, असे विचारता कळले की नाल्याच्या काठी एक झाड आहे, त्याची फुले इतरांहून गोड आणि वाळल्यावर कमी चिवट. ती घरात खाण्यास आणि पाहुण्यांस. टेकडीच्या अंगाची फुले लवकर वाळतात पण तोंडात तुरट लागतात. दुसऱ्या एका झाडाची दारूला चांगली. त्या बोलता बोलता हाताने दिशा दाखवीत होत्या, जणू प्रत्येक चव कोठे राहते ते सांगत होत्या. आम्ही दोन्ही ढिगांतील फुले चाखली. फरक होता, आणि तो ओळखण्यास शंभरांपैकी गुण देणाऱ्यांची गरज नव्हती. गोरग्याच्या झाडाच्या रसाविषयीही असेच ऐकले: पहाटेचा गोड, चढत्या उन्हाबरोबर आंबट आणि मादक, शिवाय अमक्या झाडाचा पातळ, तमक्याचा दाट. मुलांनासुद्धा हे ठाऊक. पीटरसनांना जे एक दिवस सुचले ते या अंगणात रोजचे होते.

मात्र हे ज्ञान अंगणाच्या बाहेर पडत नाही. आठवड्याच्या बाजारात व्यापाऱ्याचा काटा वजन सांगतो आणि फूल सुके आहे की ओले एवढे पाहतो. नाल्याकाठचे, टेकडीचे, या गावचे, त्या गावचे, सारे एका गोणीत शिरते, आणि तेथून पुढे ते केवळ ‘मोह’ होते. एकेकाळी आमच्या घरातील पूड जशी केवळ ‘कॉफी’ होती तसे. याला उपायच नाही असे मात्र नव्हे. याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ते गाव आपला बांबू आपल्या नावाने विकू लागले. पुढे अनेक ग्रामसभांनी तेंदूपानांचे व्यवहार स्वतः हाती घेतले. ज्यांना विकण्याचा अधिकार मिळाला त्यांना निवडण्याचा आणि नाव देण्याचा अधिकारही वापरता येईल. नवे झाड लावण्यापूर्वी उभ्या असलेल्या झाडांची फुले निदान एक हंगाम वेगळाली ठेवून पाहावी, असे आम्ही त्या उत्साही गृहस्थांना सुचवले. ते म्हणाले, त्याला गिऱ्हाईक कोठे आहे? प्रश्न खोटा नव्हता. पॅरिसमध्ये कॉफी पिणारे आधीपासून होते. वाळलेल्या मोहफुलांत नाल्याचा आणि टेकडीचा भेद करणारे गिऱ्हाईक अजून घडावयाचे आहे, आणि ते घडवण्यास आमच्यासारख्या शहरी कुटुंबांनाच प्रथम ते फूल दारूच्या बाटलीबाहेर काढून ताटात घ्यावे लागेल.

निघण्याच्या सकाळी आम्ही त्या बाईंना विचारले की चांगल्या झाडाची फुले तुम्ही वेगळी का विकीत नाही? दुभाष्याने प्रश्न सांगितला. त्या थोड्या हसल्या आणि म्हणाल्या, घेणारा एकच गोणी घेऊन येतो. मग उठून त्यांनी पळसाची पाने आणली, दोन्ही ढिगांतून मूठ मूठ फुले घेऊन दोन पुड्या बांधल्या आणि काडी टोचून बंद केल्या. पुड्या दिसण्यात अगदी सारख्या. त्या आमच्या हाती देण्यापूर्वी बाईंनी काही विचार केला, आणि नाल्याकाठच्या झाडाच्या पुडीला आणखी एक काडी टोचली.